डावीकडे चेंडू

कुणीच बोलत नव्हते.

डॉक्टरीणबाई हात मागे बांधून उभ्या होत्या. माझ्याच महाविद्यालयातले चिमटा सर भिंतीला टेकले होते. मी टेबलापासून दोन पावलांवर होतो. ताई खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, तळवे वर, जणू कुणी त्यांत काही आणून ठेवणार होते. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ नीट बंद झालेला नव्हता. एक थेंब पडे आणि पुढचा पडेपर्यंतचा वेळ त्या खोलीत साठत जाई.

तिच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघून काही मिनिटे झाली होती. सत्तेचाळीस वर्षे त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते, तेही दाट पडद्याआडून. आता पडदा नव्हता. समोर पत्र्याचे टेबल होते, आणि टेबलावर दोन वस्तू: लाकडी चेंडू आणि लाकडी ठोकळा. दोन्ही एकाच लाकडाच्या, मुठीत मावतील एवढ्या, रंग न दिलेल्या, आणि दोन्ही तिनेच घासून गुळगुळीत केलेल्या. तिला डोळा मिटायला सांगून मी एकेक वस्तू टेबलावर ठेवली होती, चेंडू किंचित डुलून स्थिर होईतो थांबलो होतो आणि मग म्हणालो होतो, "उघड आता. हात लावायचा नाही. चेंडू कुठला, ठोकळा कुठला, एवढंच सांग."

तिने डोळा उघडला होता. त्यातून पाणी गळत होते. बुबुळ टेबलावर ठरत नव्हते. परक्या घरात शिरलेल्या माणसाने बसू कुठे असे विचारावे तसे ते इकडून तिकडे फिरत होते.

"डावीकडे चेंडू," ताई म्हणाली. "उजवीकडे ठोकळा."

बरोबर होते.

डॉक्टरीणबाईंचे हात मागून सुटले. चिमटा सर भिंतीपासून वेगळे झाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग कुणीतरी फडक्याने पुसून घेतल्यासारखा गेला. मी काय केले ते मला आठवत नाही. ताईने मात्र नंतर सांगितले की मी श्वास सोडला.

"पुन्हा करा," चिमटा सर म्हणाले. "जागा बदलून."

"आज नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळा थकेल." पण त्या स्वतः ताईकडे अशा बघत होत्या, जणू पट्टी त्यांच्याच डोळ्यावरची निघाली होती. "मी असे चौदा जण पाहिलेत. पहिल्या दिवशी एकालाही सांगता आलं नाही."

"माझं डोकं गरगरतंय," ताई म्हणाली. "पट्टी बांधता का परत?"

चिमटा सर माझ्याजवळ आले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला. "छतसर, हरलो मी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी पटत नाहीये. माझ्यावर हे दिवस यावेत."

*

महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान शिकवतो. शिकवताना माझी नजर छताकडे असते, म्हणून विद्यार्थ्यांनी मला छतसर केले. चिमटा सर प्रयोगशाळेचे. चिमटा काढून घेतल्याशिवाय आपण जागे आहोत हेसुद्धा मी मानत नाही, असे ते एकदा वर्गात म्हणाले, आणि ते नाव त्यांना जन्माचे चिकटले. आमचे भांडण अठरा वर्षे चालू होते आणि ते चहाच्या दोन कपांमध्ये मावत असे.

"छतसर, चहा गोड आहे हे तुम्ही प्यायच्या आधीच सिद्ध करता," ते म्हणत, "आणि मग बिनसाखरेचा पिता."

"आणि तुम्ही प्रत्येक घोटाला नव्यानं खात्री करता. कप संपतो, खात्री होत नाही."

हसण्यावारी नेत असू, पण त्या भांडणाच्या मुळाशी फार जुना प्रश्न होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका गृहस्थाने आपल्या तत्त्वज्ञ मित्राला पत्र लिहून विचारले: जन्मापासून अंध असलेला एक माणूस आहे. चेंडू कसा आणि घनाकार ठोकळा कसा, हे तो हाताने चाचपून अचूक सांगतो. उद्या त्याला दृष्टी आली आणि त्या दोन वस्तू त्याच्यासमोर ठेवल्या, तर स्पर्श न करता, नुसते बघून, तो त्या ओळखेल का? अनुभववादी म्हणाले, नाही. मनात जे काही येते ते इंद्रियांच्या दारातून येते. हाताने शिकलेले हाताचे, डोळ्याला ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल. बुद्धिवाद्यांतला एक म्हणाला, ओळखेल. फक्त समोर एक चेंडू आणि एक ठोकळा आहे एवढे त्याला आधी सांगा. गोलाला कोपरा नाही, घनाला आठ आहेत. हे ज्ञान ना बोटांचे ना डोळ्यांचे. ते बुद्धीचे, आणि बुद्धी विचार करून आपले ते परत मिळवील.

त्या गृहस्थाची स्वतःची पत्नी अंध होती, असे सांगतात. त्याचा प्रश्न तीन शतके चघळला गेला. तिचे पुढे काय झाले, हे कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. मीही कधी विचारले नव्हते.

मी बुद्धिवाद्यांच्या बाजूचा. तसा मी का झालो हे चिमटा सरांना कधी सांगितले नाही. इथे सांगितले पाहिजे, कारण त्या दिवशी पत्र्याच्या टेबलावर माझा सिद्धांत मांडलेला होता असे सगळ्यांना वाटले, आणि तिथे दुसरेच काही मांडलेले होते.

आई आणि बाबा एकाच वर्षात गेले. मी एकवीस वर्षांचा होतो, ताई पंचवीसची. तिला घेऊन मी एका वृद्ध नेत्रवैद्यांकडे गेलो. त्यांनी तिला तपासून बाहेरच्या बाकावर बसवले आणि मला आत ठेवून घेतले. ते म्हणाले, "हा जन्मजात मोतीबिंदू आहे. काढता येतो. लहानपणीच काढायला हवा होता. आता तरी उशीर करू नका. डोळा केव्हाही उघडता येईल, पण पाहायला शिकायचं वय उलटत जातं."

पाहायला शिकायचे! मी नुकताच त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत शिरलो होतो आणि माझ्या डोक्यात पहाट झाली होती. दृष्टी म्हणजे खिडकी. आतल्या घरात सामान आधीपासून मांडलेले असते. खिडकी आज उघडा नाहीतर वीस वर्षांनी, सामान कुठे जात नाही. म्हाताऱ्या कारागिराची समजूत म्हणून मी ते बोलणे बाजूला सारले. शस्त्रक्रियेत जोखीम होती, माझे प्रबंधाचे वर्ष होते, आणि आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळी मी ताईला काड्या आणि दोरा देऊन भूमिती शिकवत असे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते हे तिने एकही रेघ न पाहता, बोटांनी आणि विचाराने, सिद्ध करून दाखवले होते. माझ्या प्रबंधाचा कणा ती सिद्धता होती. पाहिल्यावाचून जाणणारी माझी ताई हा माझा पुरावा होता. पुराव्याला डोळे फुटले असते तर?

असे मी तेव्हा स्पष्ट शब्दांत मनाशी म्हणालो होतो का, हे मी स्वतःला बावीस वर्षे विचारत आलो आहे.

बाहेर येऊन मी तिला म्हणालो, "घाई नाही म्हणाले."

"बरं," ती म्हणाली, आणि काठी चाचपून उठली.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी छापले: 'जिने न पाहता सिद्ध केले, त्या ताईस.' छापील पान तिच्या हाती दिले तेव्हा तिने त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "कागद चांगला आहे."

पुढे ती खेळण्यांच्या कारखान्यात लागली. लाकडी चेंडू, ठोकळे, चाके घासायची. कुसळ राहिले तर ते यंत्राला कळत नसे, तिच्या तर्जनीला कळे. डॉक्टरीणबाई कामगारांचे डोळे तपासायला तिथे आल्या आणि ताईच्या डोळ्यावर बॅटरी धरून थबकल्या. "हे आजपर्यंत कुणी काढलं कसं नाही?" त्यांनी मला बोलावून विचारले.

"पूर्वी सोय नव्हती," मी म्हणालो.

म्हणून ताईने ओळखणे मला हवे होते. चिमटा सरांना हरवण्याची हौस होती, नाही म्हणत नाही. पण ती पहिल्या क्षणी ओळखती, तर सामान खरोखरच आत मांडलेले होते, वाया काही गेले नव्हते, आणि त्या बावीस वर्षांत मी तिचे काहीही हिरावून घेतले नव्हते. ती न ओळखती, तर शिकण्याची बावीस वर्षे मी एका वाक्यात संपवली होती.

आणि तिने ओळखले होते. डावीकडे चेंडू, उजवीकडे ठोकळा. घरी येताना रस्ता माझ्या पायांखाली हलका झाला होता.

*

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टी कायमची निघाली. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. इतक्या वर्षांत तिने माझा चेहरा फक्त ताप आल्यावर चाचपलेला.

तिने बराच वेळ माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे आणि मागच्या पडद्याकडे, पाहिले.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"हां. हे हललं ते तोंड." तिचे बोट माझ्या दिशेने उठले आणि अर्ध्यावर थांबले. "बाकीचं कुठे संपतं तुझं?"

मी हसलो. पण ते हसू माझ्या चेहऱ्यावर कुठे आहे हे तिला दिसत नव्हते, हे मला जाणवले आणि हसू तिथेच वाळले.

"सवय होईल," मी म्हणालो.

दारातल्या उन्हाशी ती थांबली. चौकटीची सावली फरशीवर पडली होती. ताईने पाऊल उंच उचलले आणि ती सावली ओलांडली, पायरी ओलांडावी तशी. पुढे खरी पायरी होती. तिथे तिने पाऊल उचलले नाही. मी धावून तिला सावरले. माझ्या दंडाला तिच्या बोटांची पकड बसली आणि लगेच तिने डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर ती ताडताड चालत स्वयंपाकघरात गेली आणि तिने पातेल्यावर बरोबर मापाचे झाकण ठेवले.

त्या आठवड्यात ती घरात डोळे मिटूनच वावरे. मी ते पाहत होतो आणि पाहत नव्हतो. जिने चेंडू ओळखला तिला पायरी ओळखू येत नाही, हे सरळ दिसत होते. पण सिद्ध झालेल्या गोष्टीला एखाद्या पायरीने काय होणार? मी लेख लिहायला घेतला. पहिला परिच्छेद चार वेळा लिहिला आणि चारही वेळा तो मला सुंदर वाटला.

चिमटा सरांचे पत्र आले. शिक्षकखोलीत रोज भेटत असूनही त्यांनी पत्र लिहिले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होते. 'एकदा घडले ते घडले म्हणायला माझी जीभ वळत नाही. दोन वस्तू, दोन जागा. आंधळ्या अंदाजानेही निम्म्या वेळा बरोबर येईल. किमान सहा वेळा करू द्या. मी उंटावरून शेळ्या हाकणारा नव्हे, हे तुम्ही जाणता.'

"या," मी म्हणालो. "कारखान्यात या. तिच्या रोजच्या जागी. मग तर झालं?"

मला खात्री होती. खात्री किती गोड असते, हे सांगायला प्यावे लागत नाही.

*

कारखाना म्हणजे एक लांब खोली. एका बाजूला लेथ, त्यावर चेंडू कातले जात. दुसऱ्या बाजूला घासकामाचे बाक. घासलेल्या खेळण्यांना खोच पडू नये म्हणून बाकांवर जाड घोंगड्या पसरलेल्या, आणि घोंगड्यांवर भुशाचा मऊ थर. दुपारच्या सुट्टीत यंत्रे बंद होती. भुसा उन्हात तरंगत होता आणि ताई डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघत होती.

"उडतंय ते काय?" तिने विचारले.

"भुसा," मिस्त्री म्हणाले. कारखाना त्यांचा. मोठे पोट, कानावर पेन्सिल. "वीस वर्षं नाकात घालताय, आज तोंडओळख झाली म्हणायची."

"इतका दिसतो? मग झाडत का नाही कुणी?"

"झालं. डोळे आले आणि मालकीणबाई झाल्या." मिस्त्री माझ्याकडे वळले. "सर, आमचा तोटा केलात बरं तुम्ही. आधी आमचे मळके सदरे तरी झाकून राहायचे."

हशा झाला. ताईही हसली. चिमटा सर हसले नाहीत. ते पिशवीतून कागद काढत होते, रकाने आखलेला.

"वस्तू मी ठेवतो," ते म्हणाले. "चालेल?"

"हवं तर टांगून ठेवा," मी म्हणालो.

ताईने डोळे मिटले. चिमटा सरांनी घोंगडीवर चेंडू ठेवला, शेजारी ठोकळा. दोन्ही भुशात अलगद बसल्या. मला आठवते, त्या क्षणी खोली किती शांत होती, आणि त्या शांततेचा अर्थ मला लागला नाही.

"उघडा, ताई."

तिने डोळे उघडले. पाहिले. मान किंचित तिरपी केली, कान पुढे करून, आणि तशीच थांबली. मग मान सरळ केली. मांडीवरच्या तिच्या बोटांनी एकमेकांना धरले.

"हा... चेंडू?" तिने बोट दाखवले.

तो ठोकळा होता. त्याचा एक कोपरा नेमका तिच्याकडे होता.

मिस्त्री मोठ्याने हसले. "चेष्टा करतायत आमच्या ताई." पण दुसऱ्या खेपेला ती पुन्हा चुकली आणि त्यांचे हसू पेन्सिलीसारखे कानामागे गेले. तिसरी खेप बरोबर. चौथी चूक. पाचवी, सहावी बरोबर. चिमटा सर दर वेळी रकान्यात खूण करत आणि वर बघत नसत. सहावी खूण केल्यावर त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, मला दाखवला नाही. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा असतो हे मला ठाऊक नव्हते. घरातले कुणी गेल्याचे सांगायला आलेला माणूस असा दिसतो.

"मिस्त्री," ते हलक्या आवाजात म्हणाले, "चहा कुठे मिळतो इथे?"

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा ताईकडे, आणि ते त्यांना घेऊन बाहेर गेले. बाकीचे कामगारही एकेक करून उठले.

मी बाकाच्या कडेला बसलो.

"मग त्या दिवशी?" मी विचारले.

ताईने घोंगडीवर हात ठेवला. तो ठोकळ्यापाशी आपोआप पोचला आणि पोचल्याबरोबर तिचा चेहरा निवळला.

"पत्रा होता, पंडित," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला पंडित म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी कधी मोजले नाही. "ठोकळा ठेवलास तो एकदा वाजला. चेंडू ठेवलास तेव्हा टक्, आणि मग बारीक घरघर. डावीकडून. वीस वर्षं या दोघांना घासतेय मी, झोपेत सांगेन."

इंद्रिये अविश्वसनीय म्हणून आयुष्यभर मी त्यांना दाराबाहेर उभे केले, आणि परीक्षेच्या दिवशी त्यांतल्या एकाला मोजायलाच विसरलो. स्पर्शाला बंदी केली, नजरेची परीक्षा मांडली, आणि कान उघडे ठेवले. वस्तू मीच ठेवल्या होत्या. तो आवाज माझ्याच हातून झाला होता, मी तो ऐकलाही असणार. चिमटा सर पाच पावलांवर होते. इंद्रियांवर इमान वाहिलेला तो माणूस, तोही नुसता बघत राहिला. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"आणि दिसलं काय तुला?"

"उजेड. टोचणारा. त्यात डाग. किती होते सांगता येणार नाही, पाच असतील. सावल्याही वस्तूच वाटत होत्या मला." ती ठोकळा फिरवत होती, एकेका कोपऱ्यावर अंगठा टेकवत. "तू म्हणायचास ना, की कोपरे मोजले की झालं. मी शोधत होते रे कोपरे. इथे ते टोचतात. तिथे कोपरा म्हणजे काय तेच कळत नव्हतं."

"मग खोटं का सांगितलंस?"

"खोटं कुठे? डावीकडे चेंडूच होता."

ठोकळा दुसऱ्या हातात घेऊन ती म्हणाली, "तू श्वास धरला होतास. आई गेली त्या सकाळी धरला होतास, तसा. मला ऐकू येत होतं. नळ ठिबकत होता, त्या बाई नाकानं श्वास घेत होत्या, चिमट्यांचं पोट वाजत होतं. फक्त तुझा श्वास नव्हता. वाटलं, हा माणूस पडेल आता. म्हणून सांगून टाकलं."

"मी हरू नये म्हणून?"

"हरण्याचं काय. तू चिमट्यांशी रोज हरतोस." तिने ठोकळा घोंगडीवर ठेवला. आवाज झाला नाही. "त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, पंडित."

बाहेर कुणीतरी फळी टाकली. मी दचकलो, ती दचकली नाही.

"डोळा केव्हाही उघडता येईल," ताई म्हणाली, आणि त्या वृद्धाचा घोगरा स्वर तिच्या आवाजात जसाच्या तसा आला, बावीस वर्षे तसाच ठेवलेला. "पण पाहायला शिकायचं वय उलटत जातं. मग तू बाहेर आलास. म्हणालास, घाई नाही म्हणाले."

जमीन सरकते म्हणतात, तसे काही झाले नाही. सगळे होते तिथेच राहिले. लेथ, घोंगड्या, उन्हातला भुसा. फक्त माझ्या आयुष्यातली प्रत्येक संध्याकाळ, काड्या, दोरा, त्रिकोण, तिचे "बरं", "कागद चांगला आहे", हे सारे उलटे होऊन मला दिसले, आणि त्या प्रत्येक संध्याकाळी ती हे जाणून माझ्यासमोर बसलेली होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"मला वाटायचं, आज सांगेल. प्रबंध झाला की सांगेल. पहिल्या पानावर माझं नाव घातलंस तेव्हा तर वाटलं, आता नक्की. मग तू नोकरीला लागलास. नंतर वाटायचं बंद झालं. तू समोर बसून त्रिकोण शिकवायचास, इतक्या मायेनं शिकवायचास, की मला कळायचं नाही कुठला तू खरा. हाताला लागायचा तो, की कानाला ऐकू आलेला."

तिच्या डोळ्यातून पाणी येत होते. ते औषधाचे असेल, उजेडाचे असेल. मला आता कशावरूनच काही ताडता येत नव्हते.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, शिकता येईल," मी म्हणालो. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला आणि मला त्याची किळस आली. "सगळं नाही, पण पुष्कळसं. वेळ लागेल. मी शिकवीन तुला. रोज. पायऱ्या, सावल्या, चेहरे..."

"तू?" ती म्हणाली. एवढेच. रागाने नाही. पुढ्यात आलेल्या वस्तूचे नाव विचारावे तसे.

ती उठली. तिची काठी बाकाला टेकवलेली होती. ती तिने घेतली नाही. मला वाटले ती डोळे मिटेल, घरी मिटते तशी, आणि ताडताड निघून जाईल. या खोलीतला इंच न् इंच तिच्या पायांना पाठ होता. तिने डोळे मिटले नाहीत. उघडे ठेवून, भिजलेले, न ठरणारे, ती दाराकडे वळली, आणि त्याबरोबर तिची चाल एखाद्या वर्षाच्या मुलीची झाली.

"ताई," मी म्हणालो. "तुला सगळं ऐकू आलं होतं. तुझा डोळा होता. तू तेव्हाच का बोलली नाहीस? मला एकदा जरी विचारलं असतंस..."

ती लेथपाशी पोचली होती. तिचा खांदा यंत्राच्या लोखंडी कडेवर आपटला. ती थांबली. हात उठला, सवयीने, चाचपायला. तिने तो मागे घेतला आणि त्या कडेकडे नुसती पाहत राहिली, ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते डोळ्याने शोधत. मग ती कडेला वळसा घालून पुढे गेली. दारात ऊन होते आणि फरशीवर चौकटीची सावली पडली होती. ताईने पाऊल उंच उचलले, सावलीवर क्षणभर धरले, सावकाश खाली आणून सावलीतच टेकवले, आणि मागे न बघता निघून गेली.